वाकडा टाका मुलाचाच राहू द्या

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतील मुलांच्या छंदवर्गांविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर आणि त्यावर उमटलेल्या वाचकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. बहुतेकांचा सूर असा, की मुलांच्या हातातला मोबाइल सोडवायचा तर त्यांना कशात तरी गुंतवले पाहिजे आणि त्यासाठी शिवण, विणकाम, कागदकाम यांचे वर्ग गावोगावी निघाले पाहिजेत. वर्ग निघोत, माझा त्यांना विरोध नाही. परंतु शिवणकाम शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. तीन ते आठ वर्षांच्या मुलाने सुईदोरा हाती धरायचा तो आधी घरात, घरातल्याच एखाद्या गरजेच्या कामात. आणि त्याच्या हातून ते काम जसे होईल तसे ते त्याचेच राहिले पाहिजे. सध्या या दोन्ही बाबतींत आपले काहीतरी बिनसले आहे.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला, की सकाळी अकरापासून उन्हे कलेपर्यंत लहान मुलांना बाहेर सोडण्याची सोय राहत नाही. मोबाइलचे खरे फावते ते याच वेळी. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा अधिक वेळ पडद्यापुढे बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. आपल्याकडे तो तास जेवणाआधीच संपलेला असतो. आणि नेमक्या याच दुपारी आपल्याकडे पूर्वापार गोधड्या शिवल्या जात. रब्बीची रास घरात आली, शेतातला जोर ओसरला, की ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलीत जुनी लुगडी अंथरली जात आणि शेजारच्या दोघीतिघी आपापली सुई घेऊन येऊन बसत. आजही अनेक गावांतून आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांतून हे चालते. घरातली लहान मुले मात्र त्या वेळी आतल्या खोलीत, मान खाली घालून, पडद्यात बुडालेली असतात. त्यांना तिथून उठवून दुपारच्या उन्हात एखाद्या वर्गाला पोहोचवण्याऐवजी ओसरीवर आणून बसवणे कितीतरी सोपे आहे.

गोधडीच्या कामात लहान मुलाला जागा कोठे, असे कोणी विचारील. ती जागा पहिल्या पायरीपासून आहे. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे, मध्ये विरलेली धोतरे, सदरे, परकर, उशांचे अभ्रे असे थर लावायचे असतात. कोणता तुकडा कोठे बसतो, कोणत्या रंगाशेजारी कोणता शोभतो, हे चार वर्षांच्या मुलाला विचारून पाहावे, ते हमखास काही वेगळे आणि पुष्कळदा बरे सुचवते. मग सुरकुत्या काढायच्या. कापडावर अनवाणी चालून, लोळून, तळहाताने दाबून सुरकुती काढण्यात मुलांचा हात कोणी धरू शकत नाही. चारी कोपऱ्यांवर वजने ठेवून थर ताणले, की लांब लांब कच्चे टाके घालून ते टाचून घेतात आणि नंतर कडेकडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा आत आत नेतात. या साऱ्या वेळात सर्वांत मोलाचे काम असते सुई ओवून देण्याचे. आजीला नेढे दिसत नाही, नातवाला दिसते. दोऱ्याचे टोक ओठात ओले करून, एक डोळा मिटून, जीभ किंचित बाहेर काढून ते मूल सुई ओवते तेव्हा त्याला ठाऊक असते, की आपण सुई ओवून दिल्याशिवाय आजीचे काम पुढे सरकायचे नाही. घराला आपला उपयोग आहे ही भावना त्याला तिथे मिळते, आणि माझ्या मते सगळी गोम या एका गोष्टीत आहे. ती गुंतवून ठेवण्यासाठी दिलेल्या कामात मिळत नाही. खोटे काम मुलांना लगेच ओळखू येते.

यानंतर गोधडीचा एखादा कोपरा मुलाला द्यावा. वीतभर जागा पुरे. टाके लांबडे पडतील, तिरपे जातील, एखादा वरच्याच थरात अडकून राहील. राहू द्यावेत. गोधडी त्याने फाटत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे अंगावर घेताना त्या मुलाला आपला कोपरा बोटांनी चाचपून अंधारातही सापडतो.

सुईच्याही आधी बोटे तयार व्हावी लागतात, आणि त्यासाठी कापसाच्या या प्रदेशात बाजारातून काही आणण्याची गरज नाही. सरकी काढलेल्या कापसाचे पेळू करून वाती वळणे, देवाचे वस्त्र करताना ओल्या बोटांनी ठरावीक अंतरावर कापूस पिळत जाणे, ही कामे आज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली मुले कधीची करीत आली आहेत. चिमटीत बारीक वस्तू धरता येणे, दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामे करता येणे, जोर कमी-अधिक करता येणे, याचा सराव त्यात आपोआप होतो. पेन्सिल धरायला लागणारी बोटेही हीच. फ्रोबेलने जर्मनीत एकोणिसाव्या शतकात बालोद्यानाची कल्पना मांडली तेव्हा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यातून दोरा ओवणे आणि कागदी पट्ट्या विणणे यांना त्याने अभ्यासक्रमात स्थान दिले. माँटेसोरीबाईंच्या साहित्यात गुंड्या, हूक आणि नाड्या लावलेल्या कापडी चौकटी आहेत, मुलांनी स्वतःचे कपडे स्वतः घालावेत म्हणून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर बालवाड्या चालवल्या तेव्हा पाने, शंख, बिया, खडे असे आसपास मिळणारे जिन्नस हेच त्यांचे साहित्य होते. महागड्या खोक्यातून येणाऱ्या वस्तूंची गरज यांपैकी कोणालाही भासली नाही.

शिकवण्याच्या रीतीविषयी थोडे तपशिलात लिहिते, कारण येथेच घरोघरी धीर सुटतो. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा सुई दिली, की ते सुई खालून वर काढते आणि पुन्हा खालूनच घालायला जाते. मग दोरा कापडाच्या कडेवरून फिरून येतो आणि कडेला वेढे पडतात. आई म्हणते, ‘अगं असं नाही, दे इकडे,’ आणि सुई काढून घेते. येथे सुई काढून घेऊ नये. कापडावर खडूने एकेक बोटाच्या अंतराने ठिपके काढून द्यावेत आणि एका ठिपक्यात बुडी, दुसऱ्या ठिपक्यात वर, एवढेच तोंडाने म्हणत राहावे. कापड सुती, जरा जाड आणि विणीत मोकळे असावे. भरतकामासाठी मिळणारी मॅटी उत्तम, नाहीतर जुन्या चादरीचा तुकडाही चालतो. हल्लीच्या सिंथेटिक साड्या मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत, त्या बोटांतून सटकतात, कडेने उसवत राहतात आणि मूल उगाच कंटाळते. सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची, म्हणजे लोकरीचे तुकडे जोडायला वापरतात तशी. दोरा मुलाच्या हाताच्या लांबीपेक्षा जास्त घेऊ नये, तो गुंततो आणि मग गुंता सोडवण्यातच दुपार जाते. दोरा दुहेरी घेऊन दोन्ही टोकांना मिळून एकच गाठ मारली, की तो नेढ्यातून वारंवार निसटत नाही. एवढी तजवीज केल्यावर मोठ्यांनी हात मांडीवर ठेवून बसावे. सर्वांत अवघड भाग हाच आहे, असे मी अनुभवाने सांगते.

विणकामाला आमच्या भागात निमित्त नाही, असे पुष्कळांना वाटते. थंडी म्हणजे काय ते मार्गशीर्ष-पौषाचे काही आठवडे. तरी ज्यांनी परभणीची पहाट त्या दिवसांत पाहिली आहे त्यांना कानटोपीची गरज समजावून सांगावी लागणार नाही. मराठवाड्यात थंडीचा पारा बहुधा येथेच सर्वांत खाली उतरतो. सहा-सात वर्षांचे मूल दोन सुयांवर सुलट टाका सहज शिकते. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या वाल्डोर्फ शाळांच्या परंपरेत पहिलीच्या वर्गातच मुलामुलींना एकत्र विणायला शिकवतात. त्याआधी, चार-पाचव्या वर्षी, नुसत्या बोटांवर लोकरीची साखळी विणता येते. सुया घेताना सहा किंवा सात नंबरच्या जाड घ्याव्यात. विणकामाच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नवख्या पालकांच्या लक्षात येत नाही आणि ते दहा नंबरच्या सुया मुलांच्या हाती ठेवतात. लोकर फिक्या रंगाची असावी, काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका दिसत नाही. उलट टाक्याच्या फंदात न पडता दोन्ही बाजूंनी सुलटच विणत गेले, की आडव्या ओळींची जाड पट्टी तयार होते.

ही पट्टी हळूहळू रुंद होत जाते आणि मूल गोंधळते: घातले वीस टाके, झाले सव्वीस. याचे कारण बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीला असते. सुई वळवताना लोकर वरून मागे ओढली गेली, की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येऊन एकाचे दोन टाके दिसतात आणि मूल दोन्ही विणून टाकते. त्यावर उपाय साधा आहे. दर ओळीच्या शेवटी टाके मोजायचे. पाढे पाठ न करणारी मुले येथे आपणहून मोजतात, कारण चुकले तर काय होते ते त्यांना हातात दिसते. आणि गळालेला टाका चार ओळी खाली पळून गेला, तरी क्रोशाच्या सुईने त्याला पायरी पायरीने वर आणता येते, हे प्रथम पाहताना मुलांचे डोळे जे विस्फारतात ते एखाद्या जादूगाराच्या खेळालाही विस्फारत नसतील. चूक दुरुस्त करता येते, पण सावकाश आणि क्रमाने, हे कळायला मला तरी याहून स्वस्त साधन ठाऊक नाही.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. तीन वर्षांखालील मुलांच्या आसपास मणी, टिकल्या, सुटी बटणे ठेवू नयेत. ती तोंडात, नाकात जातात. सुया मोजून काढाव्यात आणि मोजून ठेवाव्यात. लांब दोरी किंवा लोकर गळ्याभोवती घेऊन खेळू देऊ नये, आणि शिवणयंत्राजवळ मोठे माणूस नसताना मुलाला सोडू नये. बोटाला सुई टोचण्याचे भय मात्र फार बाळगू नये.

हे सारे मुलींसाठी आहे, असा एक समज अजूनही घराघरांत दिसतो आणि तो आपल्या मातीला शोभत नाही. नामदेव महाराजांचे जन्मगाव म्हणून ज्या गावाला आपण मान देतो ते नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, आणि महाराजांच्या घरचा व्यवसाय शिंप्याचा. पैठणच्या मागावर पुरुष बसत आले आहेत. पोळ्याला बैलांच्या झुली, गोंडे, म्होरक्या करणारे हातही शेतकरी बापाचेच होते. तेव्हा मुलाने शर्टाचे बटण लावले तर त्याचे कौतुक करण्याचेही कारण नाही. ते त्याला आलेच पाहिजे.

आता शाळांकडे वळते. नाव घेण्याचे कारण नाही, कारण हा अनुभव एका शाळेचा नाही. नातवाच्या शाळेतून पहिलीच्या मुलांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करून आणण्यास सांगण्यात आले, मुदत दोन दिवसांची. त्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची रांग होती. टाकाऊतून टिकाऊ करण्यासाठी चकाकता कागद, कापडी फुले, चिकटपट्ट्या, गरम गोंदाची बंदूक असे सगळे कोरे करकरीत सामान विकत घेतले जात होते. एका मातेने तर तयार वस्तूच मागितली आणि दुकानदाराकडे ती होती. रात्री आया जागल्या, सकाळी मुले झोपाळल्या डोळ्यांनी ती वस्तू सांभाळत शाळेत गेली, आणि सर्वांत सफाईदार वस्तूला बक्षीस मिळाले. त्या बक्षिसाने पहिलीतल्या मुलाला काय शिकवले? आपल्या हातचे दाखवण्याजोगे नसते आणि दाखवण्याजोगे ते विकत मिळते किंवा आई करून देते, हेच ना? शाळेला हातकाम हवे असेल तर ते वर्गात, शिक्षकांसमोर, मुलांकडूनच करून घ्यावे. घरचा अभ्यास म्हणून द्यायचेच तर ‘घरातल्या एका कपड्याचे बटण लाव’ एवढे द्यावे आणि बटण लागलेला सदरा घालून मुलाने यावे. प्रदर्शने जरूर भरवावीत, पण त्यांत क्रमांक नकोत.

बाजारात मिळणाऱ्या तयार ‘किट’विषयीही माझे मत फार वेगळे नाही. त्यांत कापड कापलेले, भोके पाडलेली, दोरा मोजलेला, आणि वरच्या चित्रात शेवटची वस्तू आधीच दाखवलेली. मुलाने ठरवायचे असे काही उरत नाही. खोके संपले की काम संपले. त्यापेक्षा गल्लीतल्या टेलरकडे पिशवी घेऊन जावे. तो कात्रणे बहुधा आनंदाने देतो, आणि मुलाला त्याच्या पायाखालचा तो रंगीत ढीग उपसायला मिळतो तो वेगळाच.

येथे एक खबरदारी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हातकामाचे गुणगान करताना सुखवस्तू घरांतील माणसे ती विसरतात. ज्या बीड-धाराशिवच्या मुलांना वर्षातले काही महिने शाळा सोडून ऊसतोडीच्या फडावर जावे लागते, ज्या मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळून घरकाम उरकावे लागते, त्यांना काम शिकवण्याची गरज नाही, कामापासून मोकळीक देण्याची आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सरसकट बंदी आहे. घरच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची सवलत आहे, आणि तिचाही गैरफायदा घेतला जाऊ शकतो. माझ्या लेखी फरक ओळखण्याची खूण ही, की मूल सुई खाली ठेवून उठले तर चालते की नाही. चालत नसेल तर ती मजुरी आहे, मग ती कितीही सुंदर भरतकामाची असो. तांड्यावरच्या बंजारा स्त्रियांचे आरसे-कवड्यांचे भरतकाम आपण कौतुकाने पाहतो. लेकी ते आईशेजारी बसून शिकतात तोवर ठीक, व्यापाऱ्याच्या मागणीची मुदत त्यांच्या बोटांवर आली की ठीक राहत नाही.

धोरणाची बाजूही कोरी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो विषय आपल्या वेळापत्रकात आला. पुढे परीक्षा जवळ आली, की त्याचे तास गणिताला कसे जातात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे असे म्हटले आहे. चांगले आहे. परंतु बोटे शिकण्यास उत्सुक असतात ती चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि त्या वयाची मुले आपल्या गावच्या अंगणवाडीत बसलेली असतात. तेथे सेविकांवर नोंदी, वजने आणि आहाराचा इतका भार आहे, की आणखी एक काम त्यांच्या माथी मारा, असे मी म्हणणार नाही. मात्र गावातली एखादी आजी आठवड्यातून एक दुपार सुया, मॅटी आणि लोकरीचे गुंडे घेऊन तेथे येऊन बसली, तर तिला बसू द्यावे. यासाठी ग्रामपंचायतीच्या ठरावापलीकडे कशाची गरज पडू नये.

शेवटी आपल्याच दैनिकाकडे एक विनंती. मुलांच्या पुरवणीत हातकामाची जी छायाचित्रे छापली जातात त्यांतील बहुतेक वस्तू इतक्या नीटनेटक्या असतात, की त्या पाहून सहा वर्षांच्या मुलाने आपले काम पाकिटात घालून पाठवण्याचे धाडस करू नये. यापुढे छायाचित्राखाली मुलाच्या वयासोबत त्यातील कोणता भाग त्याने स्वतः केला आणि कोणता मोठ्यांनी, हेही एका ओळीत छापावे. आणि पहिल्या महिन्यात केवळ वाकडे टाके असलेलीच कामे मागवावीत. परभणीहून चार-पाच तरी येतील, याची व्यवस्था मी करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवण-शिक्षिका,
परभणी